पासवर्ड दिले, काम द्यायचं राहिलं

या वेळचं पत्र वह्या बांधणाऱ्या एका बाईंचं आहे. लांबलचक होतं, थोडं छाटून देते.

‘मी हाताने बांधलेल्या वह्या विकते. सगळी विक्री ऑनलाइन. शिवण, बांधणी, कव्हर, सगळं मीच करते. चार वर्षांत धंदा वाढला, तसं वह्यांचं काम कमी आणि फोनवरचं काम जास्त होत गेलं. मेसेजना उत्तरं, ऑर्डरी यादीत चढवणं, कुरिअरचा पाठपुरावा, इन्स्टाग्रामवर फोटो, हिशेब. रोज रात्रीचा एक वाजतो. तीन महिन्यांपूर्वी एक व्हर्च्युअल असिस्टंट ठेवली. तिच्या घरून काम करणारी, आठवड्याला वीस तास. पहिल्याच दिवशी सगळे पासवर्ड दिले आणि म्हटलं, बघ तुझ्या पद्धतीने. तिसऱ्या आठवड्यात एका ग्राहक बाईंना भिजलेली वही पोचली, तर हिने त्यांना लिहिलं, “आमच्या धोरणानुसार परतावा मिळणार नाही.” त्या बाई पहिल्या वर्षापासून माझ्याकडून वह्या घेतात! मी त्याच रात्री पासवर्ड बदलले आणि तिचं काम थांबवलं. आता परत सगळं माझ्यावर आलंय. घरचे म्हणतात, दुसरी ठेव. मला वाटतं, माझं काम दुसऱ्या कुणाला जमणारच नाही. खरं सांगायचं तर मी स्वतः केलं की निम्म्या वेळात होतं. भाची म्हणते, माणूस कशाला, एआयला सांग. काय करू? ता. क. तिचे शेवटच्या आठवड्याचे पैसे मी अजून दिलेले नाहीत. द्यावेत का? – थकलेली वहीवाली’

वहीवाली बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची कीव आली, दुसऱ्यांदा त्या मुलीची.

‘आमच्या धोरणानुसार’ हे तिचे शब्द नसणार. तीन आठवडे झालेल्या माणसाला धोरण कुठून सुचणार? ते तिने तुमच्याच साइटवरच्या परताव्याच्या पानावरून उचललं असेल. आणि ते पान तुम्ही दुकान उघडताना दुसऱ्या कुठल्यातरी दुकानाचं बघून घाईघाईत भरलं असेल. बहुतेक सगळे तसंच भरतात. पुढे तुम्ही स्वतः ते कधी पाळलं नाही. वही भिजली म्हणून कुणी कळवलं की तुम्ही मुकाट नवी पाठवत असणार, ओळखीच्या ग्राहकाला तर फोटोसुद्धा न मागता. म्हणजे तुमच्या दुकानात एकाच गोष्टीचे दोन नियम होते. लिहिलेला होता तो खोटा, आणि खरा होता तो फक्त तुमच्या डोक्यात. त्या मुलीने लिहिलेला पाळला. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

हे मी वरून शहाणपण शिकवत नाहीये, स्वतः ठेच खाल्लेली आहे. बरीच वर्षं मी भाषांतराचं छोटं काम चालवत होते. बिलांच्या मागे लागणं मला कधीच आवडलं नाही, म्हणून पहिली असिस्टंट मिळाल्या मिळाल्या तिला म्हटलं, ‘ज्यांचे पैसे राहिलेत त्यांना आठवण पाठव.’ एका ओळीचं काम. तिने यादी काढली, छान सौम्य मजकूर लिहिला आणि अकरा जणांना पाठवला. त्या अकरांत एक गृहस्थ असे होते, ज्यांच्या घरी नुकतंच कुणीतरी गेलं होतं. मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, पैशांचं सवडीने बघा, घाई नाही. त्यांनी मेल पोचल्यावर तासाभरात पैसे भरले आणि पुन्हा कधीच काम पाठवलं नाही. दोन दिवस मी असिस्टंटवर धुमसत होते. तिसऱ्या दिवशी बिलांची यादी उघडली. त्यांच्या नावापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा होता, आणि तो भरणं माझं काम होतं.

तुम्ही घराची किल्ली दिलीत, पण कुठला नळ गळतो आणि कुठलं बटण दाबायचं नाही, ते सांगितलं नाहीत. ‘बघ तुझ्या पद्धतीने’ हे ऐकायला फार मोठ्या मनाचं वाटतं. पण मी अजून काही ठरवलेलं नाही, तूच ठरव आणि चुकलीस तर बघून घेईन, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

आता ते ‘मी केलं की निम्म्या वेळात होतं’. असेल, नक्की असेल. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८१७ साली याच तक्रारीचं गणित मांडून ठेवलंय. त्याच्या उदाहरणात ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडला १०० माणसांचं वर्षभराचं काम लागतं आणि ठरावीक वाईनला १२० माणसांचं. पोर्तुगालचं तेवढंच कापड ९० माणसांत होतं आणि तेवढीच वाईन ८० माणसांत. दोन्हींत पोर्तुगाल सरस. तरीही पोर्तुगालने कापड इंग्लंडकडून घ्यावं यातच त्याचा फायदा, कारण कापडावर बसवलेली ती ९० माणसं वाईनवर लावली तर जास्त पदरात पडतं. तुम्ही पोर्तुगाल आहात. एका मेसेजला तुम्हाला पाच मिनिटं लागतात आणि तिला दहा, हे कबूल. पण तिला वही बांधता येत नाही आणि तुम्हाला येते. तेव्हा कोण लवकर उरकतं ते सोडा, त्या पाच मिनिटांत तुमच्या हातून दुसरं काय झालं असतं ते बघा. (साडेबाराला डोळा लागला असता, हेही उत्तर मला चालेल.)

पण म्हणून लगेच दुसरी शोधायला निघू नका. आधी एक आठवडा फोनशेजारी वही ठेवा, तुमच्याकडे वह्यांना तोटा नसावा. बांधणीच्या कामाखेरीज जे जे कराल ते तेव्हाच्या तेव्हा टिपा. ‘११.१०, कुरिअरला फोन, १५ मिनिटं.’ एवढंच. रात्री आठवून लिहू नका. आठवून लिहिलं की ज्या कामाने डोकं उठवलं तेच सगळ्यात मोठं वाटतं, आणि वेळ खाऊन गेलेलं दुसरंच असतं. आठवडा संपला की प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचारा, यात मी काही ठरवलं की नुसतं केलं?

नुसती केलेली कामं उद्याही देता येतील. ऑर्डर यादीत चढवणं, पत्त्याची पट्टी छापायला तयार करणं, बिल मेलवर पाठवणं, फोटो ठरलेल्या वेळेला लावणं. काही कामांत तुम्ही ठरवता खरं, पण दर वेळी तेच ठरवता. तीही द्यायची, मात्र ठरवण्याचा नियम लिहून झाल्यावर. आणि काहींत दर वेळी नवीन काहीतरी ठरवावं लागतं. नव्या कव्हरचं डिझाइन, किंमत, कागदवाल्याशी घासाघीस, दुखावलेला जुना ग्राहक. ती तुमची, ती कुणाला देऊच नका. इन्स्टाग्रामवर फोटो तिला चढवू द्या, पण खालच्या दोन ओळी तुमच्याच राहू द्या. लोक वही घेतात त्यात तुमच्या बोलण्याचाही वाटा असतो.

आणखी एक ढीग निघेल, तो बघून तुम्हाला हसू येईल. केलीच नसती तरी चाललं असतं अशी कामं. ‘ही वही शाईपेनाला चालते का?’ हा प्रश्न तुम्हाला आठवड्यातून दहादा येत असेल तर त्याला असिस्टंट नको, वहीच्या पानावर एक ओळ हवी. पैसे मोजून वर्षभर एकाच प्रश्नाची उत्तरं द्यायला माणूस ठेवणं हा निव्वळ अपव्यय आहे, आणि मी तो केलेला आहे.

मग पहिलं काम द्या, आणि एकच द्या. तुमच्या बाबतीत मी ‘माझी ऑर्डर कुठे आहे?’ या मेसेजपासून सुरुवात केली असती. रोज येतो, उत्तर चार-पाच तऱ्हांपलीकडे जात नाही आणि जरा इकडेतिकडे झालं तरी सावरता येतं. ते लिहायचं कसं ते दाखवते, कारण ‘सगळं लिहून काढा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि प्रत्यक्ष कागद पुढे ओढला की पेन हलत नाही. तुमच्या दुकानाचे दिवस तुम्हाला ठाऊक, मी नुसते धरून चालते:

‘ऑर्डर कुठे आहे असं विचारलं की आधी यादीत नाव शोधायचं. वही अजून बांधायची असेल तर यादीतली पाठवण्याची तारीख कळवायची. तारीख लिहिलेली नसेल तर मला विचारायचं, अंदाजे सांगायचं नाही. वही निघून सात दिवस झाले नसतील तर ट्रॅकिंगची लिंक पाठवायची. सात दिवस उलटले असतील तर आधी कुरिअरकडे तक्रार नोंदवायची, तक्रारीचा क्रमांक घ्यायचा आणि मग ग्राहकाला लिहायचं. चौदा दिवस उलटले की नवी वही पाठवायची असं कळवून टाकायचं. त्यासाठी मला विचारायचं नाही, यादीत नोंद करायची. ग्राहक चिडलेला असेल किंवा नावापुढे तारा असेल, तर “मेसेज मिळाला, आज संध्याकाळपर्यंत कळवते” एवढंच लिहायचं आणि मला फोन करायचा.’

तारा म्हणजे तुमचे जुने ग्राहक. ती खूण तुम्ही एका बैठकीत, फार तर तासाभरात, यादीभर करून टाकाल. ती असती तर भिजलेल्या वहीची भानगड तुमच्यापर्यंत फोनने आली असती, ग्राहकाच्या रागाने नव्हे.

या सूचनांत ‘नम्रपणे बोल’, ‘ग्राहकाला खूश ठेव’ असलं काही मी घातलेलं नाही. सांगून कुणी नम्र होत नाही. त्यापेक्षा तुम्ही स्वतः आजवर पाठवलेली आठ-दहा उत्तरं जशीच्या तशी खाली चिकटवा, त्यातून सूर कळतो. आणि लिहिण्याचा फारच कंटाळा असेल तर एक युक्ती आहे. एकदा ते काम करताना स्क्रीनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि काय करताय, का करताय ते तोंडाने बोलत राहा. मग ते रेकॉर्डिंग तिला द्या. त्यावरून सूचना लिहून काढणं हेच तिचं पहिलं काम. तिने लिहिलेलं वाचलंत की ती काय समजली आणि तुम्ही काय सांगायला विसरलात, दोन्ही एकदम दिसतं. माझ्या बाबतीत दुसरी यादी नेहमी मोठी निघायची.

इतकं बारीक लिहून दिलं तर समोरच्याला अपमान वाटेल, अशी शंका तुम्हाला येईल. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं चार इंजिनांचं विमान चाचणीच्या उड्डाणात वर गेलं आणि लगेच कोसळलं. चालवणारा नवशिका नव्हता, लष्कराचा मुरलेला चाचणी वैमानिक होता. विमान जमिनीवर उभं असताना त्याचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून ते अडकवून ठेवतात. ती अडकण काढायची राहिली होती. त्या अपघातानंतर वैमानिकांच्या हाती चेकलिस्ट आली, आणि तेच विमान पुढे बी-१७ या नावाने १२,७३१ इतक्या संख्येने बनलं. चेकलिस्ट अडाण्यांसाठी निघाली नाही, ज्यांना सगळं येतं त्यांच्यासाठी निघाली. चांगल्या असिस्टंटला लेखी सूचना मिळाल्या की हायसंच वाटतं. ज्यांना अपमान वाटतो त्यांच्याबद्दल मी जरा सावध असते.

वरच्या सूचनांतल्या ‘मला विचारायचं नाही’ या वाक्याने तुमच्या पोटात गोळा आला असेल. ते वाक्य मुद्दाम घातलंय. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत साध्या कर्मचाऱ्यालाही एका पाहुण्याची अडचण निस्तरायला २,००० डॉलरपर्यंतचा खर्च वरिष्ठांना न विचारता करण्याची मुभा असते, हे त्या धंद्यात प्रसिद्ध आहे. तुम्हाला इतकं उदार व्हायला नको. एका वहीच्या किमतीपर्यंत तिने स्वतः ठरवावं, त्यापुढे तुम्हाला विचारावं, एवढं पुरे. ही मर्यादा नसली की एक तर ती प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला तुम्हाला फोन करणार, नाहीतर घाबरून धोरणाच्या आड लपणार. तुमच्याकडे दुसरं झालं. महिन्याला दोन वह्या फुकट गेल्या तर जाऊ द्या.

आता पासवर्ड. इथे मी जरा रागावणार आहे. पहिल्या दिवशी, अनोळखी माणसाला, सगळे? ती मुलगी भली होती म्हणून निभावलं. शिवाय पासवर्ड देणं हा मुळात आळस आहे, कारण बहुतेक ठिकाणी तो न देता काम देता येतं. जीमेलमध्ये आपला इनबॉक्स दुसऱ्याला वापरू देण्याची सोय आहे, साध्या खात्यावरसुद्धा दहा जणांपर्यंत. ती तिच्या स्वतःच्या खात्यातून शिरते, तुमची मेल वाचते, उत्तरं देते, पण तुमचा पासवर्ड बदलू शकत नाही. (मेल पुसू मात्र शकते, हे लक्षात असू द्या.) इन्स्टाग्रामचं व्यावसायिक खातं असेल तर मेटाच्या बिझनेस सूटमधून नुसते मेसेज, नुसत्या पोस्टा, अशी मोजून परवानगी देता येते. साइट वर्डप्रेसवर असेल तर तिला ‘एडिटर’ करा, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नको. एडिटर मजकूर बदलतो, प्रसिद्ध करतो, पण साइटच्या सेटिंग्जना हात लावू शकत नाही. जिथे पासवर्डावाचून गत्यंतरच नाही, तिथे तो पासवर्ड मॅनेजरमधून, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या अ‍ॅपमधून द्या. त्यातही पासवर्ड लपवून वाटला तरी जाणता माणूस तो काढू शकतो, म्हणून ती गेली की तो बदलायचाच. बँकेच्या खात्यावर मात्र कुणालाच घेऊ नका. ज्या कामात तुम्हाला फोनवर ओटीपी सांगावा लागतो, ते काम द्यायचं नाही, असा सोपा नियम धरा.

कुणाला कशाची परवानगी दिली त्याची एका पानाची नोंद ठेवा. त्या रात्री तुम्ही घाईत पासवर्ड बदललेत, तेव्हा एखादा राहिला तर नाही ना, हे आता तरी तपासा.

माणूस शोधताना वीस तासांची जाहिरात देऊ नका. हा वीसचा आकडा तुम्ही कुठून आणला होतात? मला वाटतं, तुम्ही थकलेल्या होतात आणि वीस तास उतरले की बरं वाटेल, असा तो हिशेब होता. पण द्यायला तयार काम तेव्हा तीन-चार तासांचंही नव्हतं. उरलेल्या तासांत प्रामाणिक माणूस अस्वस्थ होतो, स्वतःहून कामं काढतो, आणि ज्या कामांना तुम्ही हात लावायला सांगितलेलं नसतं त्यांना लावतो. आठवड्याला पाच तासांनी सुरुवात करा. दोघा-तिघांना एक छोटं खरं काम द्या, त्याचे पैसे द्या आणि मग निवडा. मुलाखतीत गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. तुमचे वीस जुने मेसेज देऊन ‘याची उत्तरं लिही आणि कुठे अडलीस ते सांग’ म्हटलंत की अर्ध्या तासात माणूस कळतो. ‘कुठेच अडले नाही’ म्हणणारी मी घेत नाही.

पहिल्या महिन्यात तुमचं काम वाढणार आहे, हे आधीच मनाशी धरून ठेवा. पहिले दोन आठवडे तिने उत्तरं मसुद्यात ठेवावीत आणि तुम्ही बघून पाठवावीत. मग तिने पाठवावीत आणि तुम्ही रात्री नजर टाकावी. त्यानंतर आठवड्यातून चार-दोन उघडून बघायची, बस. तुम्ही दुसऱ्याच दिवशी शेवटच्या पायरीवर गेलात आणि एका चुकीबरोबर थेट खाली आलात, मधल्या पायऱ्या तुमच्या हिशेबातच नव्हत्या.

देखरेखीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. घरबसल्या काम करणारी माणसं मिळवून देणाऱ्या दोन साइट होत्या. १९९९ सालचं इलान्स आणि २००३ सालचं ओडेस्क. ते एकत्र आले आणि त्या एकत्र संस्थेला २०१५ साली अपवर्क हे नाव मिळालं. आज ती या बाजारातली मोठी पेठ आहे. तिथे तासांवर काम दिलं की ‘वर्क डायरी’ दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा काम करणाऱ्याच्या स्क्रीनचा फोटो टिपते. पैशांवरून वाद झाला तर ते उपयोगाचं आहे, नाकारत नाही. पण रोज बसून ते फोटो चाळणारे मालक मी बघितलेत. त्यांचा वेळही वाचत नाही आणि असिस्टंटही टिकत नाही. तुम्ही फोटो चाळू नका, उत्तरं वाचा.

माणूस दुसऱ्या देशातला मिळाला तर वेळेचा एक गुंता येतो. तिची सकाळ ही तुमची मध्यरात्र असेल, तर तिला पडलेला एक प्रश्न म्हणजे एक अख्खा दिवस गेला. अशा वेळी एक रीत घालून द्यायची. अडलं तर थांबायचं नाही, ‘मला योग्य वाटलं ते असं’ एवढं लिहून मसुदा तयार ठेवायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. सकाळी तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणायचं.

तुमच्या भाचीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ठरावीक उत्तरांचे मसुदे एआय चांगले करतं, आणि वर लिहिल्यासारख्या सूचना तुमच्याकडे तयार असतील तर आणखी चांगले करतं. पण सूचना नसतील तर तेही ‘आमच्या धोरणानुसार’च लिहिणार, आणि ते तीन सेकंदांत चाळीस जणांना लिहील. कुरिअरवाल्याशी हुज्जत घालायला आणि ‘या बाई नेहमी दोन वह्या घेतात, यंदा एकच का?’ असं तुमच्या कानावर घालायला मला अजून माणूसच हवा. असिस्टंट स्वतः एआय वापरते का, हे मात्र आधीच विचारून घ्या. वापरो, पण ग्राहकांची नावं-पत्ते त्यात घालायचे नाहीत, हे लिहून घ्या.

लेखी करार थोडक्यात असला तरी हवा. काम काय, पैसे कधी, ग्राहकांची माहिती बाहेर जाणार नाही, काम थांबवायचं तर किती दिवस आधी सांगायचं. तिने तुमच्यासाठी चित्रं किंवा मजकूर केला तर त्याचे हक्क तुमच्याकडे येतील हेही त्यात घाला. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आपले झाले, असं पुष्कळ देशांत नसतं. तुम्ही युरोपीय संघातल्या ग्राहकांसाठी दुकान चालवत असाल तर तिथला जीडीपीआर हा लोकांच्या खासगी माहितीबद्दलचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. ग्राहकांची माहिती दुसऱ्याकडून हाताळून घ्यायची तर त्यात लेखी कराराची अटच आहे.

आता ता. क. मधले पैसे. तुम्ही शेवटी विचारलंत म्हणून मीही शेवटी घेतेय, पण करायचं ते सगळ्यात आधी. पैसे द्या, आजच द्या. तिने त्या आठवड्याचे तास दिलेले आहेत, आणि चुकलेल्या उत्तराची वसुली तासांतून होत नसते. शिवाय तुम्ही तिला कसं थांबवलंत ते मला पत्रावरून दिसतंय. रात्री पासवर्ड बदलले, सकाळी ती कामाला बसली आणि खातं उघडेना. तोवर तिला बहुधा माहीतही नसेल की काही बिनसलंय.

पैशांबरोबर एक मेसेज पाठवा. मी असते तर साधारण असा लिहिला असता: ‘तुझे शेवटच्या आठवड्याचे पैसे आज पाठवलेत. उशीर झाला, चूक माझी. तू ज्या पानावरून उत्तर दिलंस ते पानच चुकीचं होतं, ते मी बदललंय. त्या रात्री तुझ्याशी न बोलता काम थांबवलं, तसं करायला नको होतं. आता एका कामाच्या सूचना नीट लिहिल्या आहेत. वाचून कुठे कळत नाही ते सांगशील का? त्या तासाचे पैसे वेगळे देईन. नाही म्हणालीस तरी राग नाही.’

ती कदाचित नाही म्हणेल. हो म्हणाली, तर तुमची ऑर्डरींची यादी कशी असते, कुरिअर कुठलं, कोण ग्राहक कसं बोलतं, हे तीन आठवडे बघितलेला माणूस तुम्हाला परत मिळेल, आणि तुमच्या सूचनांत काय राहिलंय ते तिच्याइतकं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही.

फक्त मेसेज पाठवण्याआधी ते परताव्याचं पान खरंच बदला.